ठिणगी घरी आणताना

सेवाग्रामच्या चरखागृहाच्या आवारात गांधीजी आणि विनोबा यांचे भव्य पुतळे आहेत. ते ब्राँझचे नाहीत, दगडाचेही नाहीत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या कलावंतांनी ते भंगारातून घडवले आहेत. पाहायला येणाऱ्यांपैकी एखाद्या हौशी माणसाच्या मनात हमखास येते, की असे काही आपल्या पडवीत जमेल काय? जमेल. यंत्राच्या बाबतीत गांधीजीही वाटतात तितके कठोर नव्हते. १९२४ साली त्यांनी शिवणयंत्राला खुशाल अपवाद केले होते. पण शिवणयंत्रातून ठिणग्या उडत नाहीत.

दुकानात शिरण्यापूर्वी आपल्याकडचे लोखंड पाहावे. वर्धा जिल्ह्यातल्या घरामागे सापडते ते शेतीचे भंगार. बंडीच्या चाकाची धाव, वखराची पास, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरच्या साखळ्या. जाड आणि गंजलेले. अशा मालाला रॉडचे साधे वेल्डिंग सोसते. मिग यंत्राची तार सरसर वितळते, काम सफाईचे होते. पण तिला स्वच्छ धातू लागतो आणि वारा चालत नाही. उघड्या अंगणात झुळूक आली, की जोडावरचा वायू उडून जातो आणि जोड आतून सच्छिद्र होतो. टिग तर त्याहून नाजूक आणि संथ. पत्र्याची पाने-फुले करायची असतील तर मात्र मिगच बरे, कारण दोन मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याला नवशिक्याचा रॉड भोके पाडतो.

पास आणि फाळ यांच्या पोलादात कार्बन जास्त असतो. जोड गार होताना जवळच बारीक तडा जातो आणि महिन्याभराने मोराची मान गळून पडते. जोडण्यापूर्वी तुकडा तापवावा, नंतर राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. हे गावच्या लोहाराला कोणी शिकवावे लागत नाही.

आता विजेकडे वळू. जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरऐवजी हलके इन्व्हर्टर यंत्र घ्यावे, याबद्दल फारसे दुमत नाही. अडीच मिलिमीटरचा रॉड सुमारे ९० अँपिअरवर चालतो आणि त्यासाठी घरच्या जोडणीतून अडीच-तीन किलोवॅटचा भार ओढला जातो. कूलरच्या प्लगात यंत्र खोचून भागत नाही. स्वतंत्र जाड तार, एमसीबी आणि खरीखुरी अर्थिंग हवी. मूर्ती विकायच्या असतील तर घरगुती मीटरवर धंदा चालेल का, हेही महावितरणकडे आधीच विचारून घ्यावे.

यंत्रावर २०० अँपिअर, ६० टक्के असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती. ही मोजणी ४० अंश तापमानाची असते. आपला मे महिना पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा तो आकडा कागदावरच राहतो. लागते त्यापेक्षा थोडे मोठे यंत्र घ्यायचे ते याचसाठी.

प्लाझ्मा कटरचा मोह मोठा असतो. गॅस कटर लोखंड प्राणवायूत जाळून कापतो, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमपुढे तो हरतो. प्लाझ्मा कोणताही धातू वितळवून उडवतो आणि पातळ पत्र्यातून वेलबुट्टी सुरेख काढतो. पण त्याचे निम्मे बिऱ्हाड कॉम्प्रेसरमध्ये असते. ४० अँपिअरच्या यंत्राला मिनिटाला शंभर ते दोनशे लिटर हवा लागते, तीही कोरडी. पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर तिथे दमतो, आणि पावसाळ्यात हवेतले पाणी टॉर्चचे टोक भराभर खाऊन टाकते. माझ्या मते पहिले वर्षभर ग्राइंडर आणि जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याचा कटर पुरे. जाड धाव कापायला प्लाझ्मा घेणे ही चैन आहे. पत्र्याचे काम रोजचे झाले की तो खुशाल घ्यावा.

घरचे कारखान्यापेक्षा वेगळे असते ते इथे. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवण्याची आपली रीत. त्यात ठिणगी पडली तर ज्वाळा दिसत नाही. ती आत धुमसत राहते आणि मध्यरात्री घर पेटते. कापूस घरात असेपर्यंत वेल्डिंगही नाही आणि ग्राइंडिंगही नाही, इतके सरळ ठेवावे. ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी रॉड धरू नये. अंगात नायलॉन, टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटते. जाडीभरडी खादी इथे उपयोगी पडते. शेजारची पोरे चमक पाहायला जमतात, त्यांच्या डोळ्यांसाठी आडोसा उभा करावा.

भंगारवाल्याकडून माल आणताना दोन वस्तू परत कराव्यात. एक, तेलाचे किंवा औषधाचे रिकामे पिंप. त्यातली उरलेली वाफ तापली की स्फोट होतो. दुसरी, मोटारसायकलचा बंद शॉकॲब्सॉर्बर. घोड्याच्या पायासाठी तो फार देखणा दिसतो, पण आत कोंडलेले तेल आणि वायू तापले की तो बंदुकीसारखा उडतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आणलाच, तर मुलामा आधी घासून काढावा. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो.