महाडीबीटी अडकतं, झोमॅटो पळतं, असं का? सरकारी आणि खासगी आयटीमधला फरक

स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की सोलापुरातल्या कॉलेजांच्या कट्ट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, "तुझं महाडीबीटी लॉगिन होतंय का रे?" त्याच मोबाईलवर झोमॅटो मात्र झटक्यात उघडतं. मग आपण म्हणून मोकळे होतो की सरकारी लोकांना काही येत नाही. पण अशी पोर्टल्स बनवणारे इंजिनिअर बऱ्याचदा खासगी कंपन्यांचेच असतात. फरक कोडपेक्षा मॅनेजमेंटमध्ये जास्त आहे.

ग्राहक निवडता येतो का?

खासगी अ‍ॅपला येतो. व्हॉट्सअ‍ॅप ठराविक काळाने जुन्या अँड्रॉइड फोनवर चालायचं बंद होतं. गूगल प्लस चाललं नाही, तर गूगलने २०१९ मध्ये ते गुंडाळलं. सातबाऱ्याचं असं करता येईल का? करमाळ्यातल्या शेतकऱ्याकडे स्मार्टफोन नसला तरी त्याला उतारा मिळालाच पाहिजे, आणि तोही पन्नास वर्षांनंतरसुद्धा. म्हणून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन आला तरी तलाठी कार्यालय आणि आपले सरकार सेवा केंद्र चालू ठेवावंच लागतं. सरकारी सिस्टीम एकाच वेळी नव्या आणि जुन्या दोन्ही पद्धतींनी चालते.

सर्व्हर विकत कसा घेतात?

स्टार्टअपला जास्त सर्व्हर हवा असेल तर कोणीतरी क्लाउडवर लॉगिन करतं आणि काम झालं. सरकारी ऑफिसमध्ये आधी गरज कागदावर मांडायची, मंजुरी घ्यायची, टेंडर किंवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम पोर्टलवरून खरेदी करायची. अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात कमी दरवाल्याला काम मिळतं, त्याला एल-वन म्हणतात. हे कटकटीचं वाटतं, पण पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. साहेबांनी थेट ओळखीच्या कंपनीला काम दिलं, तर आपणच ओरडू ना?

तोटा असा की जे टेंडरमध्ये लिहिलं तेवढंच मिळतं. नंतर काही वाढवायचं तर परत मंजुरी, परत फाईल.

बदल कोण करतं?

खासगी कंपनी नवीन फीचर आधी पाच टक्के युजर्सना देते, जमलं तर सगळ्यांना. सरकारला स्कॉलरशिपची उत्पन्न मर्यादा अशी बदलता येत नाही. आधी जीआर निघतो, मग कोड बदलतो. त्यात महाडीबीटीवर अनेक विभागांच्या योजना, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

जाब कोणाला द्यायचा?

कंपनी गुंतवणूकदारांना उत्तर देते. सरकारी सिस्टीमला कॅगचं ऑडिट, सभागृहातले प्रश्न आणि माहिती अधिकार, सगळ्यांना तोंड द्यावं लागतं. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयवरचा कॅगचा अहवाल २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला, तो कोणीही वाचू शकतो. झोमॅटोचं असं ऑडिट आपल्याला वाचायला मिळत नाही. उलट बाजू ही की फसलेल्या प्रयोगाची चौकशी लागू शकते, म्हणून अधिकारी जपून पावलं टाकतात.

मग आपण काय करायचं?

खासगी अ‍ॅप आवडलं नाही तर अनइन्स्टॉल करता येतं. सरकारी पोर्टलला दुसरा पर्याय नसतो, पण तिथे हक्क असतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हव्यात. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. मग दुसरं अपील, आणि शेवटी आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून अर्ज केल्यावर पोचपावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. एरर आली तर तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. आणि दाखल्यांची तयारी आधीच करा, कारण शेवटच्या रात्री गर्दी वाढली म्हणून सर्व्हर वाढवायला तिथे टेंडर काढता येत नाही.