खोडावरचे राखाडी चट्टे

कोकणातल्या जुन्या आंब्याफणसांच्या खोडांवर पावसाळ्यात हिरवट फुगलेले आणि पुढे उन्हाने राखाडी झालेले चट्टे दिसतात. त्यातच एखादी फांदी वाळू लागली, की झाडाला रोग लागला असे ठरते आणि कोयत्याने खरवडणे सुरू होते. हे चट्टे शैवाकाचे असतात. गोडा मसाल्यातले दगडफूल हेही एक शैवाकच. अपवाद वगळता शैवाक झाडाचे काही बिघडवत नाही. उलट ते काढण्याच्या खटपटीत झाडाला खरी इजा होते.

शैवाक म्हणजे एकटा जीव नव्हे. बुरशी आणि शैवाल मिळून ते बनते, असे सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867 मध्ये मांडले, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी ते धुडकावून लावले होते. आज त्याबद्दल वाद उरलेला नाही. शैवाल उन्हाच्या बळावर साखर तयार करते, बुरशी त्याला आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. पाणी मिळते पाऊस, धुके आणि दवातून, क्षार मिळतात पावसातून आणि धुळीतून. झाडाकडून घ्यायचे राहिले काय? फक्त जागा. शैवाकाला मुळे नसतात; त्याचे धरून ठेवणारे तंतू सालीच्या बाहेरच्या, मेलेल्या थरातच रुततात, आणि अन्नरस वाहणारा जिवंत थर त्याच्या आत असतो. बांडगुळाशी ताडून पाहिले की फरक कळतो. बांडगूळ आपले शोषक थेट लाकडात घुसवून पाणी ओढते, म्हणून त्याच्या पुढची फांदी खंगत जाते. शैवाक मात्र जांभ्याच्या गडग्यावर आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळावरही तितक्याच सुखाने वाढते, आणि कातळात शोषायला रस नसतो.

मग दुबळ्या झाडावरच ते जास्त का दिसते, हा प्रश्न बागायतदार विचारतात आणि तो रास्त आहे. इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. झाड खंगले की पालवी विरळ होते, फांद्यांवर ऊन पोचते आणि शैवाकाला हवा तो उजेड मिळतो. शिवाय अशा झाडाची वाढ मंदावते, साल लवकर बदलत नाही आणि चट्ट्याला निवांत पसरता येते. पेरूची साल सतत सोलून पडते, म्हणून त्याच्या खोडावर चट्टे टिकत नाहीत. वाढीचा वेगही पाहावा: बहुतेक शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच सरकतात. तळहाताएवढा चट्टा बहुधा कित्येक वर्षांचा असतो. यंदा अचानक वाळलेल्या फांदीचा दोष त्याच्यावर कसा टाकणार? त्याच्याखाली कीड लपते हे खरे, पण तिला खाणारे कोळीही तिथेच राहतात. स्पेनमध्ये ओकवर वाढणाऱ्या एका शैवाकातले पदार्थ झाडाच्या आतल्या ऊतींत उतरतात, असे काही संशोधकांनी नोंदवले आहे. ती नोंद गंभीरपणे घ्यायला हवी, पण एका जोडीवरून साऱ्या शैवाकांना दोषी ठरवता येत नाही. ठोस अपवाद पानांवर सापडतो. आंब्याच्या आणि चहाच्या पानांवर लाल तांबेरा आणणारे सेफॅल्युरॉस हे शैवाल खरोखर परजीवी आहे, आणि स्ट्रिग्युला नावाची बुरशी त्याच्याशीच जोडी जमवते. तिथे पानाचे नुकसान होते, पण ते त्या शैवालाच्या परजीवी स्वभावामुळे. खोडावरच्या चट्ट्यांना तो न्याय लावता येत नाही.

खरवडण्याने साल सोलली जाते, आतला जिवंत थर उघडा पडतो आणि रोगकारक बुरशीला वाट मिळते. बोर्डो मिश्रणातल्या तांब्याने शैवाक मरते, पण केवळ त्याच्यासाठी फवारणी करणे म्हणजे पैसा आणि तांबे दोन्ही मातीत घालणे. शिवाय त्याच्याबरोबर हवेची एक खूणही जाते. शैवाकाच्या अंगावर मेणाचा थर नसल्याने हवेतला गंधकवायू थेट आत शिरतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाके पाहून विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्येच हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध जोडला होता. अर्थात, चट्टा दिसला म्हणजे हवा स्वच्छच, असेही नाही. पिक्सिन कोकोज हे शैवाक भारतीय शहरांच्या धुरातही तग धरते.

झाड वाळत असेल तर आधी खोडात भिरूडाची भोके आणि त्यांतून पडणारा भुसा शोधावा. बुंध्याशी पाणी तुंबते का, मुळे कुजली आहेत का, कुठे डिंक पाझरतो का, फांदीवर बांडगूळ आहे का, हे पाहावे. भिरूड असेल तर भोकात तार घालून अळी काढावी लागते, बांडगूळ असेल तर फांदी त्याच्या खालून छाटावी लागते. चट्टे आहेत तसे राहू द्यावेत.