'दाउ' म्हणजे 'आपण' नव्हे

इंग्रजीच्या चाचणीत मी एका शब्दापायी कसा फसलो, त्याची ही हकिकत. शेलीने १८२० साली चंडोल पक्ष्यावर एक कविता लिहिली. तीत तो पक्ष्याला 'दाउ' म्हणतो. शब्द जुना, कोशात त्यापुढे 'काव्यात' असा शेरा. तेव्हा तो भारदस्तच असणार, असे धरून मी भाषांतर ठोकून दिले : 'हे पक्षिराज, आपण...' सरांनी तांबड्या शाईने एवढेच लिहिले : 'घरी आईला आपण म्हणतोस काय?'

मित्रहो, 'दाउ' म्हणजे साधे 'तू'. संस्कृतातले 'त्वम्', आपले 'तू' आणि हा 'दाउ' एकाच मूळ कुळातले. कर्ता असेल तर 'दाउ', कर्म असेल तर 'दी' म्हणजे तुला, आणि 'दाय' म्हणजे तुझे. पुढे स्वर आला की 'दाय'चे बहुधा 'दाईन' होते. क्रियापदही बदलते : 'हॅव'चे 'हॅस्ट', 'आर'चे 'आर्ट'. 'तू जातोस'मधल्या आपल्या 'स'ची येथे आठवण व्हावी.

जुन्या इंग्रजीत हिशेब सरळ होता. समोर एक माणूस असेल तर 'दाउ', अनेक असतील तर 'यू'चे जुने रूप. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, अनेकवचनाने संबोधण्याची फ्रेंच रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीतही शिरली. आपण एकाच पाहुण्याला 'तुम्ही' म्हणतो, तसेच हे. मग 'दाउ' उरला कोणासाठी? देवासाठी, लेकरासाठी, जिवलगासाठी. आणि नोकरासाठी, शत्रूसाठीही.

१६०३ मध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम 'दाउ' म्हटले, आणि 'दाउ' म्हणतो आहे असे बजावलेही. इंग्रजीत या शब्दाचे क्रियापदच होते. त्याला आपण 'अरेतुरे करणे' म्हणतो. उलट, त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी गरीब, श्रीमंत, न्यायाधीश अशा सर्वांना 'दाउ' म्हणायचे ठरवले आणि त्यापायी मार खाल्ला.

आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलेले 'हॅम्लेट' पाहा. मूळ नाटकात आई मुलाला 'दाउ' म्हणते. दुखावलेला मुलगा तिला कोरडेपणाने 'यू' म्हणतो. मग आईही 'यू'वर येते. नाते कुठे तुटले ते सर्वनामच सांगते.

अठराव्या शतकापर्यंत रोजच्या बोलण्यातून 'दाउ' बहुतेक गेला. राहिला तो काही ग्रामीण बोलींत, कवितेत आणि प्रार्थनेत. १६११ च्या इंग्रजी बायबलात देवालाही 'दाउ'च आहे. प्रार्थनेत राहिल्यामुळे तो आज आदराचा वाटतो, आणि माझ्यासारखे फसतात. मोल्सवर्थ मात्र फसला नव्हता. त्याच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'तू'ला हाच प्रतिशब्द दिला आहे.

हे सारे मला पुस्तकातून शिकावे लागले. माझे वडील मोडनिंबच्या बाजारात हमाली करतात. त्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. माझ्याच वयाचा एक व्यापाऱ्याचा मुलगा त्यांना 'अरे, ते पोतं उचल' म्हणतो. वडील त्याला 'तुम्ही' म्हणतात. कोकचा 'दाउ' त्यांच्या कानावर रोज पडतो. पण संध्याकाळी तेच वडील विठ्ठलाच्या तसबिरीपुढे टाळ घेऊन बसतात आणि देवाला खुशाल 'तू' म्हणतात. पंढरपूर आम्हांला जवळ. विठ्ठलाला 'आपण' म्हणणारा वारकरी मी अजून पाहिलेला नाही.

एकाच शब्दाने माणूस खाली ढकलता येतो आणि जवळही घेता येतो. म्हणून 'दाउ' दिसला की मी आता आधी विचारतो : कोण बोलतो, कोणाला बोलतो, आणि ऐकणाऱ्याला उलट 'दाउ' म्हणण्याची मुभा आहे काय? अर्थ या तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे, नुसत्या कोशात नाही.

चंडोलाचे भाषांतर मी पुन्हा केले. 'आपण' खोडून 'तू' लिहिले आणि वडिलांना वाचून दाखवले. चूक काय होती तेही सांगितले. ते म्हणाले, "मग, पाखराला दुसरं काय म्हनायचं?"