पेटीचा सांधा आणि त्याचा साचा

लांकडी पेटी मोडते ती बहुधा फळींत नव्हे, कोपऱ्यांत. एका फळीचें टोंक दुसरीस नुसतें टेकवून सरस लावला, तर टोंकाचे उघडे तंतू सरस शोषून घेतात आणि पकड कच्ची राहते. म्हणून दोन्ही फळ्यांस दाते पाडून, हाताचीं बोटें गुंफावीं तसे ते एकमेकांत बसवितात. ९६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड फळ्यांस ६ मिलिमीटरचे दाते पाडले, तर दात्यांच्या कडा एकमेकींस चिकटण्यास २,१६० चौरस मिलिमीटर जागा मिळते. नुसत्या टेकविलेल्या सांध्यांत ती १,१५२ असते, आणि तीहि टोंकाकडील.

हे दाते सारखे पाडण्याचें साधन म्हणजे साचा. कारखान्यांत त्यास जिग म्हणतात. टेबलावरील गोल करवतीपुढें सरकणाऱ्या उभ्या फळीवर एक खुंटी बसविलेली असते. कापलेली खांच खुंटीवर चढवावयाची कीं पुढील खांच आपोआप ठरल्या जागीं पडते. खांचेची रुंदी, खुंटीची जाडी आणि खुंटीपासून पात्यापर्यंतचें अंतर हीं तिन्ही समान हवींत. अंतर वाढलें तर दाता जाड होऊन सांधा बसत नाहीं. घटलें तर तो सैल पडतो. खुंटीच खांचेंत सैल असली, आणि दर खेपेस फळी ०.१ मिलिमीटर सरकली, तर आठव्या खांचेपर्यंत चूक ०.७ मिलिमीटर होते.

आतां निवड. एकाच मापाच्या पेट्या करणाऱ्यास कठीण लांकडाचा, घरीं केलेला ठाम साचा पुरे. निरनिराळीं मापें हवीं असतील, तर आट्यांच्या स्क्रूनें अंतर बदलणारा घ्यावा. मात्र घट्ट केल्यावर तो हलूं नये, ही मुख्य परीक्षा. राउटरसाठीं तयार दात्यांच्या पट्ट्या मिळतात. त्यांचें काम झटपट होतें, पण दात्यांचें माप बहुधा पट्टीच ठरविते. कोणताहि साचा घेतला तरी फळीमागें टेकूची फळी असावी, म्हणजे पातें बाहेर पडतांना चिरफळ्या उडत नाहींत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक खेपेस पातें साच्याच्या मागून बाहेर येतें, आणि हात सवयीनें तेथेंच जातो. त्या जागीं लांकडाचा जाड ठोकळा असलेलाच साचा घ्यावा. नसल्यास काम सुरू करण्यापूर्वीं तो बसवावा. पेटीचे दाते चुकले तर दुसरी फळी घेतां येते. बोटांचें तसें नाहीं.