दार सोडणारा द्वारपाल

राखणदाराने आपली जागा सोडू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण. शेतातल्या माळ्यावरचा राखण्या काय किंवा वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी काय, सर्वांना ती लागू. आम्हां मराठी शिकविणाऱ्यांना तर 'गोलरक्षक' ह्या शब्दातच त्याचे सारे कर्तव्य सामावल्यासारखे वाटते. पण बर्फावरच्या हॉकीत ह्या गृहस्थाने शब्दाची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे.

पाचोडसारख्या मोसंबीच्या गावी बर्फ भेटतो तो रसाच्या पेल्यात. लडाखात मात्र हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ रंगतो. भारताच्या महिला संघाची गोलरक्षक म्हणून खेळलेली नूर जहाँ तिथलीच. तिचा व्यवसाय, जुन्या भित्तिचित्रांचे जतन! म्हणजे राखण तिथेही सुटली नाही.

एका बाजूला सहा गडी, पायांत पात्यांचे बूट आणि चेंडूऐवजी रबराची चकती, ३ इंच व्यासाची, १ इंच जाड. मैदानाभोवती कठडा असतो आणि गोलाच्या जाळ्यामागेही ऐसपैस जागा असते. प्रतिपक्ष पुष्कळदा चकती लांबूनच ह्या मागच्या जागेत भिरकावतो आणि तिच्यामागे धाव घेतो. कठड्याला घासत ती जाळ्यामागून फिरत असता गोलरक्षकाने नुसते पाहत राहायचे काय?

१९५० नंतरच्या दशकात कॅनडाच्या झाक प्लांतने ह्याचे उत्तर 'नाही' असे दिले. उमेदवारीच्या काळात त्याचे बचावपटू चकतीपाशी वेळेवर पोचत नसत. म्हणून तो स्वतःच बाहेर पडू लागला. लोकांना हा आचरटपणा वाटला. पण १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे त्याच्या मॉन्ट्रियल संघाने स्टॅन्ली चषक जिंकला, आणि आचरटपणाचे शास्त्र झाले.

हे शास्त्र शिकायला मात्र महाकठीण. गोलरक्षकाच्या एका हाती झेल घेण्याचा जाडजूड पंजा, दुसऱ्या हातावर ढालीसारखी फळी आणि त्याच हातात रुंद पात्याची जड काठी. चकती फेकायची तर फळीचा हात काठीच्या वरच्या टोकाला न्यायचा आणि पंजाने काठी खाली पकडायची. स्वयंपाकघरातले चिमटे दोन्ही हातांत घालून सुईत दोरा ओवण्यासारखेच हे! त्यामुळे आधी कठड्यावरून येणारी चकती नुसती थोपवायची, मग सहकाऱ्याला उचलता येईल अशी स्थिर ठेवायची, मग जवळचा पास, आणि मनगटात बळ आल्यावर लांबचा. पण चांगला शिक्षक हातांपेक्षा मान अधिक शिकवतो. चकतीपाशी पोचण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहायचे: कोण धावून येतो आहे, आपला माणूस कुठे आहे? बचावपटूही ओरडून सांगतात, 'ठेव', 'पलीकडे दे', 'कठड्याने काढ'. निम्मी विद्या ह्या ओरडण्यात आहे, असे माझे मत. जाळे मागे उघडे पडलेले. निर्णय चुकला की गोल ठरलेला.

फिलाडेल्फियाच्या रॉन हेक्स्टॉलने तर ८ डिसेंबर १९८७ रोजी प्रतिपक्षाच्या मोकळ्या जाळ्यात लांबून चकती मारून स्वतःच गोल केला. न्यू जर्सीच्या मार्टिन ब्रोदरनेही १९९७ साली तेच करून दाखवले. चकती हाताळण्यात ह्या ब्रोदरचा हात धरणारा क्वचितच. पण २००३ च्या अंतिम मालिकेत, तिसऱ्या सामन्यात, अशीच एक साधी चकती अडवायला तो पुढे आला आणि काठी हातातून निसटली. चकती त्या पडलेल्या काठीवर आपटून वळली ती थेट गोलात! सामना गेला, मालिका मात्र न्यू जर्सीनेच ४-३ अशी जिंकली.

एवढे होऊनही त्याचा धाक ओसरला नाही. २००५-०६ च्या हंगामापासून उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी लीगने जाळ्यामागे दोन तिरप्या रेषा आखल्या. गोलरेषेमागे त्या रेषांबाहेर गोलरक्षकाने चकती खेळली, तर त्याला दोन मिनिटांची शिक्षा. लोक त्या नियमाला ब्रोदरच्याच नावाने ओळखतात. आणि शिक्षा भोगायला कोण बसतो? गोलरक्षक नव्हे, त्याच्याऐवजी संघातला दुसराच कोणी बिचारा.