गोळीच्या आधी मोतीबाग

गेल्या महिन्यात मोंढ्यातील एक व्यापारी माझ्याकडे तपासणीसाठी आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. छातीत धडधडते, रात्री दोनला जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, ही तक्रार. हृदयाचा आलेख, साखर, थायरॉईड, सारे ठीक निघाले. चौकशी केली तेव्हा कळले की उधारी अडकली आहे आणि मुलीचे लग्न तोंडावर आले आहे. "डॉक्टरसाहेब, झोपेची गोळी लिहून द्या, म्हणजे झाले," असा त्यांचा आग्रह. मी म्हटले, "आठ-दहा दिवस रोज सकाळी मोतीबागेत जा. मग गोळीचे पाहू." त्यांचा चेहरा पडला. फी घेऊन बागेत पाठवणारा डॉक्टर त्यांनी प्रथमच पाहिला असावा!

वाचकहो, यात थट्टा नव्हती. चिंतेत असलेल्या माणसाचे शरीर सदैव सावध राहते. नाडी जलद चालते, मान व खांदे आखडतात, झोप उथळ होते. त्यात दुकान, फोन आणि वाहनांचे कर्णे यांच्यामुळे लक्ष सतत ताणून धरावे लागते. झाडांच्या सावलीत, पाखरांच्या आवाजात लक्ष असे ताणावे लागत नाही आणि मनाला थोडी उसंत मिळते.

रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. इंग्लंडमध्ये २०१९ साली सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला दोन तास तरी निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती व समाधान अधिक चांगले आढळले. अर्थात मुळात धडधाकट माणसेच बागेत जास्त जातात, हेही खरे. पण रोजची सतरा-अठरा मिनिटे काही महाग नाहीत.

आपल्या जालन्यात अडचण पाण्याची. २०१२-१३ च्या दुष्काळात प्यायला पाणी विकत घेणाऱ्या माणसाला बागेचे काय सांगणार? म्हणूनच शोभेच्या हिरवळीपेक्षा मला कडुनिंब, पिंपळ, करंज अधिक मोलाचे वाटतात. एकदा मूळ धरले की ते फारसे पाणी मागत नाहीत आणि उन्हाळ्यात सावली देतात. घरकामातून सुटका न होणाऱ्या भगिनींनी निदान भाजी निवडायला तरी अंगणातल्या किंवा गल्लीतल्या झाडाखाली बसावे. रात्रपाळीच्या कामगारांनी घरी जाऊन झोपण्यापूर्वी थोडे चालावे.

मात्र बाग म्हणजे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, अन्नावरची वासना उडणे, जगणे नकोसे होणे ही आजाराची लक्षणे आहेत. अशा माणसाला "जरा फिरून ये" म्हणून वाटेला लावू नका, त्याला एकटे सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य आहे. चालू असलेल्या गोळ्याही बागेच्या भरवशावर बंद करू नयेत.

ते व्यापारी बाराव्या दिवशी परत आले. उधारी अजून अडकलेलीच होती. जाग मात्र आता चारला येते म्हणाले. "आणि फोन घरीच ठेवून जातो," हे त्यांनी जाता जाता, दारातून सांगितले.