सायकलची सीट: किती मऊ, किती टणक?

पेपर, दूध, पाव पोहोचवणारे आपले कितीतरी बांधव पहाटेपासून सायकलवर असतात. बूड दुखते म्हणून सीटवर जाड स्पंज बांधतात. आमचे सांगणे आहे, तो काढा. मऊ स्पंज बसताच दबतो, बैठकीची दोन हाडे आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेच्या नसा दाबतो. तिथे मुंग्या येतात, बधिरपणा येतो. शिवाय स्पंज घाम आणि पाऊस शोषतो; ओलाव्यात गजकर्ण फोफावते.

त्याऐवजी हवाई चपलेच्या तळासारखी, दाबल्यावर थोडीच दबणारी शीट घ्या. 1 सेंटिमीटर जाडी पुरे. मध्ये लांबट खाच कापा. वर सुती कव्हर घाला. शिवण बसण्याच्या जागी नको. कव्हर धुऊन उन्हात वाळवा. सीट सपाट ठेवा आणि दर 10 मिनिटांनी क्षणभर उभे राहून पेडल मारा.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दाखला दिला होता: फार ताणलेल्या नकोत, फार सैलही नकोत. सीटचेही तसेच आहे. एवढे करूनही बधिरपणा जात नसेल किंवा लघवीला त्रास होत असेल, तर लाज न धरता सरकारी दवाखाना गाठा.